वाचू नका, फक्त उघडा

मनकवड्याचा खेळ रंगात आलेला असतो. चिठ्ठ्या झाल्या, बंद पाकिटं झाली, डोळ्यांवर पट्टी बांधून झाली, आणि मग तो टेबलावरून एक जाडसर कादंबरी उचलतो. त्याबरोबर सभागृहातले निम्मे लोक सरसावून बसतात आणि उरलेले निम्मे, आपल्याला वर बोलावू नये म्हणून, खाली वाकून चपला शोधायला लागतात. त्याच्या हातात पत्ते असते तर पहिल्या रांगेतल्या काकांनी ते पिसून द्यायची मागणी केली असती. नाणं असतं तर उजेडात धरून पाहिलं असतं. पुस्तकाची झडती मात्र कुणी मागत नाही. पुस्तकाला चुकून पाय लागला तर नमस्कार करणारी आपण माणसं. ज्याला नमस्कार करायचा त्याचे खिसे कसे तपासणार? पण आदर हे झालं वरवरचं कारण. या खेळाचा सगळा डोलारा एका भरवशावर उभा आहे, आणि गेली चारशेहून जास्त वर्षं तो भरवसा जादूगारांच्या उत्तम उपयोगी पडला आहे: माणूस हातात आलेलं पुस्तक उघडेल, चाळेल, हुंगेल, मागे उलटून किंमत बघेल, पण वाचणार नाही.

खेळ वरून बघायला साधा असतो. एखाद्या काकूंना व्यासपीठावर बोलावलं जातं, कादंबरी त्यांच्या हातात दिली जाते आणि सूचना येते. "कुठलंही पान उघडा. पहिल्या एक-दोन ओळी मनातल्या मनात वाचा आणि त्यातला एक शब्द निवडा. 'आणि', 'पण', 'तर' असले किरकोळ शब्द नकोत, डोळ्यांसमोर चित्र उभं राहील असा चांगला मोठा शब्द घ्या. घेतला? छान. आता पुस्तक मिटा." बोलण्यात इतकी अदब असते की यात काही नियम घातले गेले हे कुणाच्या लक्षातही येत नाही. हिशोब करून पाहू. कादंबरीच्या पानावर साधारण अडीचशे-तीनशे शब्द असतात. 'पहिल्या एक-दोन ओळी' म्हणताच त्यातले वीसच उरले. किरकोळ नकोत म्हटल्यावर आठ-दहा उरले. मोठा आणि चित्र उभं करणारा हवा म्हटल्यावर एक, फार तर दोन. काकूंना वाटतं, अख्ख्या कादंबरीतून आपण आपल्या मर्जीने शब्द काढला. प्रत्यक्षात त्यांनी दोनातून एक काढला, तोही घाईघाईत, चष्मा सारखा करत, पाचशे डोळ्यांसमोर. पुढचा भाग नाटकाचा. मनकवडा कपाळावर दोन बोटं टेकवतो. "अनुस्वार दिसतोय मला... उजेडाशी काहीतरी संबंध आहे... 'दिवा'? नाही, थांबा, याला हातात धरायला कडी आहे... कंदील!" मधला 'दिवा' चुकलेला नसतो, चुकवलेला असतो. सरळ 'कंदील' म्हटलं असतं तर लोकांना पुस्तकाचा संशय आला असता. अडखळत म्हटल्यावर त्याच्या मेंदूची दया येते.

यातला पुस्तकाचा वाटा किती, हे पाहायचं तर अशी पुस्तकं बनतात कशी ते पाहायला हवं. या प्रकाराला इंग्रजीत 'बुक टेस्ट' म्हणतात आणि त्यासाठी मुद्दाम छापलेली पुस्तकं जादूच्या बाजारात रीतसर विकत मिळतात. सगळ्यात ढोबळ प्रकारात बाहेरून कादंबरी आणि आतून एकच मजकूर असतो. समोरासमोरची दोन पानं शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा छापलेली, फक्त पानाचा आकडा तेवढा वेगळा. दुसऱ्या प्रकारात एकाआड एक पान कडेने केसभर आखूड कापलेलं असतं, म्हणजे पानं अंगठ्याखालून फरफर सोडली की हव्या त्याच पानावर थांबता येतं. पत्त्यांचा असा जोड फार जुना आहे. तिसरा प्रकार कारागिरीचा. त्यात प्रत्येक पान वेगळं, वाक्यं नीट लागतात, गोष्टीसारखं काहीतरी चाललेलंही असतं, पण प्रत्येक पानाच्या ठरलेल्या जागी येणारा ठळक शब्द एका छोट्याशा यादीतलाच असतो. ती यादी जादूगाराला पाठ असते. टेड कार्मिलोविच यांचं 'मदर ऑफ ऑल बुक टेस्ट्स' हे या व्यवसायातलं गाजलेलं नाव. अशा एकेका पुस्तकाला शेकडो डॉलर मोजणारी मंडळी आहेत, आणि एवढे पैसे मोजून ग्राहकाची इच्छा एकच, की हे कुणी वाचू नये.

या तिसऱ्या प्रकारच्या लेखकाला दाद द्यायला हवी. पान इतकं रंजक नको की काकू पुढे वाचत बसतील, इतकं विचित्रही नको की त्या थबकून "अहो, हे काय?" म्हणतील. दोनशे पानं या दोहोंच्या मधून न्यायची, ही तारेवरची कसरत आहे. (काहींना ती प्रयत्नाशिवाय साधते आणि त्यांना पुरस्कारही मिळतात, पण तो विषय वेगळा.) त्या पुस्तकात नायिका कोण, शेवटी काय होतं, मधला खून कुणी केला, हे आजवर कुठल्याही प्रेक्षकाने खेळ संपल्यावर विचारलेलं ऐकिवात नाही. हजारो हातांत गेलेलं आणि एकाही हातात न वाचलं गेलेलं पुस्तक म्हणून त्याची गणना व्हायला हरकत नाही, मात्र त्यातही स्पर्धा आहे. प्रकाशन समारंभात प्रमुख पाहुणे व्यासपीठावर बसून रिबीन सोडतात, पुस्तक छातीशी धरून फोटो देतात आणि "वेळेअभावी संपूर्ण वाचता आलं नाही, पण चाळलं" असं सांगून अर्धा तास त्यावर बोलतात. काकूंनी निदान दोन ओळी तरी वाचलेल्या असतात.

इथे जादूगार मंडळींचा पहिला आक्षेप येईल, की आमची गुपितं अशी चव्हाट्यावर मांडू नका, पोटावर पाय येतो. आक्षेप रास्त वाटतो, पण तो उशिरा आला आहे. इंग्लंडातल्या केंट परगण्यातल्या रेजिनाल्ड स्कॉटने १५८४ साली 'द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट' हा ग्रंथ छापला. चेटकीण म्हणून गरीब म्हाताऱ्यांना फासावर चढवण्याचा तो काळ. ज्याला तुम्ही चेटूक म्हणता ते पुष्कळदा हातचलाखी असते हे दाखवण्यासाठी त्याने जत्रेतल्या जादूगारांच्या युक्त्या एकेक करून उकलून ठेवल्या, आणि त्यात एक बनवलेलं पुस्तकही आहे. जादूगार पानं फरफर सोडतो तेव्हा सगळीकडे एक प्रकारची चित्रं, पुस्तकावर फुंकर मारून पुन्हा सोडतो तेव्हा दुसऱ्या प्रकारची, आणखी एकदा सोडली तर कोरी पानं. कडांना ठरावीक अंतरावर खाचा असतात आणि सगळी करामत अंगठा कोणत्या खाचेवर आहे यात असते. आज मुलांच्या वाढदिवसाला जादूगार कोऱ्या चित्रांत रंग भरून दाखवतो ते रंगाचं पुस्तक याच घराण्यातलं. म्हणजे गुपित छापून चारशे चाळीस वर्षं झाली, आणि धंदा चालूच आहे. पुढे १९३४ साली थिओडोर ॲनेमनने 'द जिंक्स' नावाचं नियतकालिक काढून मनकवडेपणाच्या युक्त्या छापल्या. टोनी कोरिंडाने तेरा भागांत सगळं शास्त्र लिहून काढलं आणि त्यातला एक अख्खा भाग पुस्तकाच्या प्रयोगांना दिला. ही पुस्तकं कुलपात नाहीत, कुणीही विकत घेऊ शकतो. तिजोरीत ठेवलेलं गुपित फुटतं, कारण तिजोरी दिसली की माणसाला आत काय आहे याची उत्सुकता वाटते. पुस्तकात ठेवलेल्या गुपिताला असला धोका नाही. या लेखाबद्दलही जादूगारांनी निश्चिंत राहावं; इथवर पोचलेल्या वाचकांची संख्या त्यांच्या पोटावर पाय येण्याइतकी खचितच नाही.

दुसरा आक्षेप प्रेक्षकांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. "पण पुस्तक त्याचं नव्हतंच! आमच्या ग्रंथालयातलं होतं, शिक्का होता." होऊ शकतं. पुस्तक तयार केलेलं नसेल तेव्हा पान तयार केलेलं असतं. एक तीन आकडी संख्या मनात धरा, पहिला आणि शेवटचा आकडा वेगळा असू द्या. समजा ७३२. आता ती उलटी लिहून मोठीतून लहान वजा करा: ७३२ वजा २३७, म्हणजे ४९५. हे उत्तर उलटं करून त्यातच मिळवा: ४९५ आणि ५९४, झाले १०८९. कुठलीही संख्या घेतली असती तरी १०८९च आले असते, फक्त वजाबाकी ९९ आली तर ती ०९९ अशी लिहायची. मग मनकवडा म्हणतो, "तुमच्या उत्तराचे पहिले तीन आकडे म्हणजे पान आणि शेवटचा म्हणजे शब्द." पान १०८, शब्द नववा. ग्रंथालयाच्या कपाटासमोर तो दुपारीच येऊन गेलेला असतो. इथे प्रेक्षक पुस्तक वाचत नाही एवढंच पुरत नाही, चौथीचं गणितही तो विसरलेला असावा लागतो, आणि असतो.

याहून गंमतशीर प्रकार मार्टिन क्रुस्कल या अमेरिकन गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. मार्टिन गार्डनर यांनी १९७८ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्याला प्रसिद्धी दिली. पानाच्या पहिल्या ओळीतला कुठलाही शब्द मनात धरायचा, त्यात जितकी अक्षरं तितके शब्द पुढे जायचं, तिथल्या शब्दातली अक्षरं मोजून पुन्हा तितकेच पुढे, असं पान संपेपर्यंत. सुरुवात कुठूनही करा, बहुतेक सगळे शेवटी एकाच शब्दावर येऊन थांबतात. कारण सोपं आहे. दोन वाटसरू चालता चालता एकदा जरी एका शब्दावर टेकले, की तिथून पुढे दोघांची वाट एकच. इथे पुस्तकाला कुणी हात लावलेला नसतो, आपली भाषाच जादूगाराला सामील असते. मराठीत तर हे अधिकच लवकर जमावं, कारण अक्षरं मोजली तर आपले शब्द दोन-तीन-चारांतच आटोपतात, उड्या आखूड पडतात आणि वाटा पटकन मिळतात. अडचण एकच. मराठी प्रेक्षकांत 'स्त्री' हे एक अक्षर की तीन यावर वाद सुरू होतो, कुणीतरी निवृत्त शिक्षक उभे राहतात, आणि मनकवड्याला लोकांच्या मनातलं ओळखण्याऐवजी शुद्धलेखनाचे नियम ओळखावे लागतात.

न वाचण्याचा महिमा किती, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा व्यासपीठावर नाही, देवघरात आहे. तुलसीदासांच्या रामचरितमानसाच्या आवृत्त्यांत 'रामशलाका प्रश्नावली' नावाचा तक्ता असतो. पंधरा बाय पंधरा, म्हणजे २२५ घरं, प्रत्येकात एक अक्षर. प्रश्न मनात धरून कुठल्याही घरावर बोट ठेवायचं, तिथून दर नववं अक्षर टिपत जायचं, की चौपाई तयार होते आणि तिच्यातून कौल मिळतो. बोट ठेवायला जागा २२५ आहेत, पण चौपाया नऊच. नवाला पंचवीस याप्रमाणे २२५ घरं भरली आहेत. यात कुणी कुणाला फसवत नाही, उलट कुणा जाणकाराने मोठ्या प्रेमाने विणलेला तो तक्ता आहे. 'हा श्रद्धेचा विषय, त्याला जादूच्या पंगतीला बसवू नका' असं कुणी म्हटलं तर ते मान्यच आहे. मला फक्त एवढंच दाखवायचं आहे, की त्या नऊच्या नऊ चौपाया फळांसकट तक्त्याखालीच छापलेल्या असतात. तरीही पिढ्यान्‌पिढ्या माणसं वर बोट ठेवून, अक्षरं मोजून, चुकल्यास पुन्हा मोजून, उत्तर आलं की डोळे विस्फारतात. खाली नजर टाकून आधी यादी वाचावी असं कुणाला वाटत नाही. बनवणाऱ्याने काही लपवलेलं नसताना ही अवस्था, तर ज्याने लपवलंय त्याचं किती फावत असेल!

आता तिसरा आक्षेप, आणि हा घरी परतल्यावर जेवणाच्या ताटावर केला जातो. "त्याने पुस्तकाला हातसुद्धा लावला नाही!" हे सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं आठवत असतं. १८८७ साली लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीने रिचर्ड हॉजसन आणि एस. जे. डेव्ही यांचा एक अभ्यास छापला. डेव्हीने आत्म्यांना बोलावण्याच्या बैठकांमधल्या हातचलाख्या शिकून घेतल्या, बैठका भरवल्या आणि हजर असलेल्यांना काय पाहिलं ते लिहून द्यायला सांगितलं. शिकलेली, चांगल्या घरातली माणसं. त्यांच्या लेखनात नेमक्या निर्णायक हालचाली गळालेल्या होत्या, घटनांचा क्रम बदललेला होता, आणि न घडलेल्या गोष्टी ठामपणे नोंदवलेल्या होत्या. मनकवड्याला हे चांगलं ठाऊक असतं, म्हणून टाळ्यांच्या आधी तो स्वतःच उजळणी घेतो: "ताई, तुम्ही कुठलंही पुस्तक, कुठलंही पान, कुठलाही शब्द घेऊ शकला असता, बरोबर?" काकू मान डोलावतात. पहिली दोन ओळींची अट, किरकोळ शब्दांची बंदी, सगळं त्या एका होकारात धुऊन निघतं, आणि घरी पोचते ती ही सुधारून वाढवलेली आवृत्ती.

यावर काही जण म्हणतील, की युक्त्या असतीलही, पण मनातलं खरोखर ओळखणारा कुणीच नसेल कशावरून? नसेलच असं मी म्हणत नाही. तपासण्याचे प्रयत्न झाले आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्लॅडिस ऑसबर्न लेनर्ड या इंग्लिश माध्यम बाई परलोकवासी मंडळींच्या वतीने पुस्तकांचे निरोप देत. अमुक घरातल्या अमुक फळीवरचं डावीकडून नववं पुस्तक, त्यातलं अमुक पान. १९१६ साली सोमच्या लढाईत मुलगा गमावलेल्या लेडी ग्लेनकॉनर यांनी अशा निरोपांबद्दल १९२१ साली पुस्तक लिहिलं. त्यातला एक निरोप झाडांवरच्या पुस्तकात उघडला, पानावर झाडं पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा उल्लेख निघाला, आणि मुलाच्या वडिलांना जंगलातल्या या किडीची काळजी असायची हे घरच्यांना ठाऊक होतं. त्या आईची टिंगल करण्याचं कुणाच्या मनात येणार नाही. सायकिकल रिसर्च सोसायटीच्याच एलिनॉर सिजविक यांनी त्याच सुमारास लेनर्डबाईंचे असे शेकडो निरोप तपासले. काही जुळले, काही मोघम निघाले, पुष्कळसे साफ फसले. गोम अशी की छापील पानावर अडीचशे शब्द असतात आणि दुःखी माणूस ते सगळे वाचतो. या सबंध लेखात पुस्तक खरोखर मन लावून वाचणारी माणसं तेवढीच, आणि त्यांना मात्र पानापानावर काहीतरी सापडत राहिलं. ज्याला अर्थ हवा असतो त्याला तयार पुस्तक लागत नाही. बुद्धिवादी अब्राहम कोवूर यांनी याच्या उलट टोकाची परीक्षा घातली. १९६३ साली त्यांनी श्रीलंकेत एक लाख रुपयांचं आव्हान जाहीर केलं, आणि त्यातली एक अट होती, पाकिटात बंद केलेल्या नोटेचा क्रमांक वाचून दाखवा. क्रमांकाच्या आकड्यांना अर्थ नसतो आणि त्यांत कंदील, भुंगेरे, परिचित काळज्या असलं काही सापडत नाही. १९७८ साली कोवूर वारले, तोवर एक लाख रुपये तसेच होते.

हल्ली आत्मे मागे पडले, त्यांच्या जागी मानसशास्त्र आलं. आजचा मेंटलिस्ट सांगतो, की माझ्याकडे दैवी शक्ती वगैरे काही नाही, मी फक्त तुमच्या डोळ्यांची हालचाल, श्वास, ओठांची थरथर वाचतो. शिकलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं, आपण बाबाच्या नादी लागलो नाही याचं समाधान मिळतं, आणि माझ्या मते ही थाप जुन्या थापेपेक्षा जास्त मुरलेली आहे. आत्म्यांवर विश्वास ठेवायला निदान लाज वाटायची. १९व्या शतकात वॉशिंग्टन अर्विंग बिशपसारखे लोक समोरच्याचा हात धरून त्याच्या स्नायूंच्या बारीक ओढीवरून लपवलेली टाचणी शोधून काढत, हे खरं आहे. पण त्यात डावीकडे की उजवीकडे एवढंच कळतं. भुवईच्या हालचालीवरून 'कंदील' ओळखणारा कुणी असलाच तर त्याला कादंबरी कशाला लागेल? मनात आलेला कुठलाही शब्द चालला असता. त्याला मात्र नेमकं टेबलावरचंच पुस्तक हवं असतं, आणि शब्द पुस्तकातलाच हवा असतो.

तेव्हा पुढल्या वेळी वर बोलावणं आलं तर काय करावं? शब्द निवडून झाल्यावर पुस्तक न मिटता सावकाश पुढचं पान उलटावं, तिथल्या पहिल्या दोन ओळी वाचाव्यात, मग त्याच्या पुढचं. सांगायला सोपं आहे. पाचशे डोळे वाट बघत असतात, दिवे तोंडावर असतात, घरचे मोबाइलवर चित्रण करत असतात, आणि काकू चष्मा पुसून तिसऱ्या पानाकडे वळतात न वळतात तोच मनकवडा त्यांच्या खांद्याशी येऊन माइकमध्ये म्हणतो, "ताई, आवडली का कादंबरी? खेळ संपल्यावर घरी घेऊन जा हं." सभागृह खो-खो हसतं, काकू ओशाळून पुस्तक मिटतात आणि तो हसत हसत ते त्यांच्या हातातून काढून घेतो.